जवानाचें माप आणि शिंप्याची माया



पुण्याच्या बुधवार पेठेंत दोन ठिकाणांचीं नांवें अशीं आहेत कीं, तीं लोकांच्या तोंडीं रोज असतात. पण त्यांत कापड दडलेलें आहे हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एक पासोड्या विठोबा आणि दुसरें फरासखाना. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण. तीं पांघरुणें विकणारे लोक देवळापाशीं बसत, म्हणून तेथील विठोबा पासोड्या विठोबा झाला. फरासखाना म्हणजे तंबू, राहुट्या, कनाती, जाजमें आणि बिछायती यांचें कोठार. मराठी राज्याच्या कारखान्यांत तोफखाना आणि पीलखाना यांच्या बरोबरीनें फरासखान्याचीही गणना होत असे. कारण फौज बाहेर पडली कीं तिच्यामागून हें सारें ओझेंही बाहेर पडे. आतां तेथें पोलीस-ठाणें आहे, आणि फरासखाना म्हटलें कीं पुणेकरांस तेंच आठवतें. तरी त्या जुन्या नांवानें एक साधी गोष्ट जपून ठेविली आहे: लढणारा माणूस एकटा कधींच निघत नाहीं, त्याचें सामान त्याच्या संगतीला असतेंच.

ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती सांगण्याचेंही कारण पडूं नये. परंतु सैनिकांच्या शरीराचीं मापें घेऊन त्यांच्या आधारें गाडीची बैठक, रणगाड्याचें झांकण किंवा तंबूचें दार ठरविण्याची वेळ येते, तेव्हां नेमकी हीच गोष्ट नजरेआड होण्याचा संभव असतो. कागदावर मोजला जातो तो उघडा माणूस. आणि दारांतून आंत शिरतो तो बूट, शिरस्त्राण, चिलखत, काडतुसें, पाणी आणि बिनतारी यंत्र घेतलेला जवान. या दोघांच्या मापांत अंतर किती, तें कसें मोजावें आणि न मोजल्यास काय ओढवतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम उघड्या मापाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कारण तें माप चुकीचें आहे असें मुळींच नाहीं. सैन्यभरतीच्या मैदानावर उमेदवार अनवाणी उभा राहतो, त्याची उंची पाहतात, छातीभोंवतीं फीत धरतात आणि श्वास भरल्यावर छाती निदान ५ सेंटिमीटर फुगते कीं नाहीं हें तपासतात. येथें कपडा मध्यें येऊन चालणार नाहीं. शास्त्रीय मोजणीचेंही तसेंच आहे. मोजणारा शरीरावरील हाडांचीं ठराविक टोकें बोटांनीं चांचपून शोधतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचें अंतर नोंदतो. सदऱ्याच्या वरून तें टोंक हातास लागत नाहीं. आणि एकाचा सदरा जाड, दुसऱ्याचा पातळ, अशा स्थितींत दोघांची तुलनाही होत नाहीं. पुण्यांत या शास्त्राची मोठी परंपरा आहे. डॉ. इरावती कर्वे आणि प्रा. वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्रांतील लोकांच्या शरीरमापांवरील ग्रंथ डेक्कन कॉलेजानें १९५१ सालीं प्रसिद्ध केला, तो या विषयाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे.

सैनिकांच्या मापांनीं तर गणितशास्त्रालाही हातभार लाविला आहे. बेल्जममधील क्वेतले या विद्वानानें १८४६ सालीं स्कॉटलंडमधील ५,७३८ सैनिकांच्या छातीचीं मापें मांडून दाखविलीं. अगदीं अरुंद छातीचे थोडे, अगदीं रुंद छातीचेही थोडे, आणि बहुतेकांचीं मापें मधल्या आंकड्याभोंवतीं गोळा झालेलीं, असें तें कोष्टक होतें. मोठ्या समूहांत मापें कशीं विखुरतात हें त्यावरून पुढच्या पिढ्यांनीं शिकून घेतलें.

तेव्हां उघडें माप हें पायाचें माप होय. मात्र पाया म्हणजे घर नव्हे. येथें शास्त्रज्ञानें शिंप्याकडून एक धडा घ्यावा असें आहे.

लक्ष्मी रस्त्याच्या आसपासचा कोणताही कसलेला शिंपी घ्या. तो छातीचें माप घेतांना फीत अंगाशीं आवळून धरीत नाहीं. फितीखालीं दोन बोटें घालून मगच आंकडा वाचतो. माणूस श्वास घेणार, वांकणार, हात वर करणार, हें त्याला ठाऊक असतें. म्हणून तो कपड्यांत ढिलाई ठेवितो. शिवाय शिवणीच्या आंत थोडें जास्त कापड दुमडून ठेवितो, कारण आज अंगाबरोबर बसलेला सदरा उद्यां उसवून सैल करावा लागेल. या आंतल्या कापडाला मराठींत ‘माया’ असा गोड शब्द आहे. पण त्याची खरी हुशारी कोट शिवतांना दिसते. तो गिऱ्हाइकाला विचारतो, “आंत काय घालणार? नुसता सदरा, कीं सदऱ्यावर स्वेटरही?” या एका प्रश्नांत आजचा सारा विषय आला. माप केवळ अंगाचें नसतें. अंगावर काय असेल आणि त्या अंगानें काय करावयाचें, यांचेंही तें माप असतें.

हा विचार मराठी माणसाला नवा नाहीं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाच्या भेटीस जातांना शिवाजी महाराजांनीं वरच्या पोषाखाखालीं चिलखत आणि डोक्याच्या वस्त्राखालीं लोखंडी टोप घातला होता, ही हकीकत मुलांनाही पाठ असते. तिच्यांतील शौर्य सर्वांस दिसतें. पण कपड्याच्या दृष्टीनें तिचा विचार क्वचित् होतो. चिलखताच्या कड्यांवरून जो अंगरखा चढावयाचा, तो उघड्या अंगाच्या मापानें बेतलेला चालला नसता. तो तटतटला असता तर आंतील चिलखत प्रतिपक्षाच्या लक्षांत आलें असतें. आणि खांद्यांत आंखडला असता तर ऐन वेळीं हात उचलला गेला नसता. वस्त्र, त्याखालील लोखंड आणि त्याखालील शरीर हीं तिन्ही मिळून एक होऊन हलणें, यावर त्या क्षणीं प्राण अवलंबून होता.

त्या काळीं ही जुळणी ज्याची त्यानें करावी अशी बरीचशी पद्धत होती. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस येई, म्हणून त्याचें खोगीर त्याला आणि त्याचा अंगरखा त्याच्या अंगाला बसे. बारगिराला मात्र घोडा आणि सामान सरकारांतून मिळे; जें मिळालें त्याच्याशीं त्यानें जुळवून घ्यावें. आजच्या सर्व राष्ट्रांच्या फौजा या अर्थानें बारगिरांच्याच आहेत. लाखों जवानांना एकाच नमुन्याचे बूट, एकाच नमुन्याचीं चिलखतें आणि एकाच नमुन्याच्या गाड्या मिळतात. जी जुळणी पूर्वीं शिलेदार स्वतः करी, ती आतां नकाशा काढणाऱ्यानें अगोदरच करून ठेवावी लागते. त्यानें ती केली नाहीं, तर जवानाच्या हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.

आतां हें सामान शरीराच्या मापांत नेमका कोणता फेर घडवितें तें पाहूं. पहिला फेर लांबी-रुंदीचा. बुटाच्या जाड तळव्यानें उभ्या माणसाची उंची वाढते. शिरस्त्राणानें ती आणखी वाढते. चिलखतानें छाती व पाठ जाड होतात; कमरेच्या पट्ट्यावरील पाण्याच्या बाटलीनें आणि काडतुसांच्या पिशव्यांनीं कंबर रुंद होते. दुसरा फेर पोहोंचीचा, आणि तो उलट दिशेचा आहे. अंग मोठें होतें, पण हात आंखूड होतात. छातीवर ताठ फलक असला म्हणजे दोन्ही हात समोर आणून जवळ घेणें कठीण जातें; खांद्यावरील पट्टे हात वर करूं देत नाहींत; जाड हातमोज्यांतून बारीक कळ दाबली जात नाहीं. म्हणजे दार मोठें हवें आणि त्याची कडी मात्र जवळ हवी, अशी दुहेरी मागणी उभी राहते. तिसरा फेर शरीराच्या ठेवणीचा. पाठीवर ओझें आलें कीं माणूस पुढें झुकतो. पालथें पडून नेम धरतांना शिरस्त्राणाची मागची कड पाठपिशवीला अडते आणि मान वर उचलत नाहीं. उभ्या माणसावर घेतलेल्या कोणत्याही मापांत ही अडचण दिसून येणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, एवढेंच ना, मग प्रत्येक वस्तूची जाडी मोजून शरीराच्या मापांत मिळवावी म्हणजे झालें. दुर्दैवानें हा हिशेब बेरजेचा नाहीं. लोकरीचे दोन थर एकावर एक आले कीं दबतात, आणि त्यांची एकत्र जाडी वेगवेगळ्या जाड्यांच्या बेरजेहून कमी भरते. चिलखताचा फलक मात्र दबत नाहीं. तो खालच्या कपड्याला दाबतो आणि पोटाला वर ढकलतो. माणूस बसला कीं जाकिटाची खालची कड मांडीवर टेकून सबंध जाकीट हनुवटीकडे सरकतें. उभें असतांना जें सामान कमरेच्या मागें होतें, तें बसल्यावर पाठ आणि भिंत यांच्यामध्यें येऊन माणसाला कित्येक बोटें पुढें लोटतें. एकच वस्तू उभ्यानें एक माप देते, बसल्यावर दुसरें आणि रांगतांना तिसरें. म्हणून सामानासह माप घ्यावयाचें तें ज्या स्थितींत काम करावयाचें त्याच स्थितींत घेतलें पाहिजे.

एक साधें त्रैराशिक घेऊं. समजा, उघड्या माणसाची खांद्यांपाशीं रुंदी ५० सेंटिमीटर आहे आणि त्या हिशेबानें पांच जणांसाठीं अडीच मीटरांचा बांक केला. आतां प्रत्येकाच्या अंगावरील सामानानें केवळ ८ सेंटिमीटरांची भर घातली, तर पांच जणांस ४० सेंटिमीटर जागा अधिक लागेल. म्हणजे कागदावर पांच जणांचा असलेला बांक प्रत्यक्षांत चौघांचाच ठरतो. पांचवा जवान खांदा तिरका करून, गुडघे आंखडून कसाबसा बसेल. पण दोन तासांनीं त्याचे पाय बधिर होतील, आणि उतरण्याचा हुकूम मिळाल्यावर तो सर्वांच्या शेवटीं उतरेल.

हें केवळ पाटीवरचें गणित नव्हे. अहिल्यानगर येथें भारतीय सेनेच्या यांत्रिक पायदळाचें केंद्र आहे. हें पायदळ बी.एम.पी.-२ या रशियन बनावटीच्या चिलखती गाडींतून जातें. भारतांत बांधलेल्या त्याच गाडीला ‘सारथ’ असें नांव आहे. तिच्यांत गाडी व तोफ चालविणारे तीन जण आणि शिवाय सात जवान बसतात. मागच्या भागांत जवानांना पाठीला पाठ लावून बसावें लागतें आणि बाहेर पडण्यास मागें दोन दारें आहेत. शत्रूला सहज दिसूं नये म्हणून अशी गाडी बुटकी ठेवावी लागते, हें तिच्या रचनेंतील शहाणपण आहे. पण बुटक्या गाडींत प्रत्येक बोटभर जागेला किंमत येते. गाडीचा आराखडा एकदां ठरला कीं ती कित्येक दशकें चालते. जवानाच्या अंगावरील सामान मात्र तितके दिवस थांबत नाहीं. नवें चिलखत येतें, रात्रीं पाहण्याची दुर्बीण येते, नवें बिनतारी यंत्र येतें. गाडी तीच, माणूस तोच, पण त्या दोहोंमधली फट दरवर्षीं थोडी थोडी बुजत जाते. आणि गाडीनें पेट घेतला तर बाहेर पडण्याचा अवधि सेकंदांत मोजावा लागतो. पट्टा दाराच्या कडेला अडकला, तर त्याची किंमत अडकलेला एकटाच देत नाहीं. त्याच्या मागें बसलेलेही देतात.

येथें आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. सामानाचें ओझें उंच आणि ठेंगण्या माणसांवर सारखें पडत नाहीं. काडतुसांची पेटी, पाण्याची बाटली आणि बिनतारी यंत्र यांचे आकार एकच असतात; माणूस लहान आहे म्हणून यंत्र लहान होत नाहीं. त्यामुळें धिप्पाड जवानाच्या मापांत जी भर किरकोळ वाटते, तीच लहान चणीच्या जवानाला मोठी होते. त्याच्या पाठीवरील पिशवी कमरेखालीं येते, शिरस्त्राण भुंवयांवर उतरतें आणि फलकाची कड मांडीला टोंचते. हा प्रश्न आतां अधिकच जवळ आला आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून ३० मे २०२५ रोजीं मुलींची पहिली तुकडी शिक्षण पुरें करून बाहेर पडली. तींत १७ मुली होत्या. पुरुषाच्या मापाचें चिलखत थोडें आंखूड केलें म्हणजे तें स्त्रीचें झालें असें होत नाहीं. खांदे, छाती आणि कंबर यांचें एकमेकांशीं प्रमाणच निराळें असतें. तेव्हां त्यांचीं मापें त्यांच्याच अंगावर, त्यांच्याच सामानासह घेतलीं पाहिजेत.

मग सर्वांचें सरासरी माप काढून त्याप्रमाणें सामान करावें काय? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकन वायुदलांत मिळालें. तेथें १९५० सालीं ४,०६३ वैमानिकांचीं मापें घेण्यांत आलीं. गिल्बर्ट डॅनिएल्स या तरुण संशोधकानें त्यांतून कपड्यांच्या दृष्टीनें महत्त्वाचीं दहा मापें निवडलीं आणि या दहाही मापांत मध्याच्या आसपास बसणारे वैमानिक किती, हें मोजून पाहिलें. त्याचा अहवाल १९५२ सालचा आहे. उत्तर निघालें शून्य. चार हजारांत असा एकही माणूस सांपडला नाहीं. ज्याची उंची मध्यम त्याचे हात लांब, ज्याचे हात मध्यम त्याची छाती रुंद. म्हणजे सरासरी माणसासाठीं शिवलेला पोषाख वस्तुतः कोणासाठींच शिवलेला नसतो. सामानासह माणसाला हें अधिकच लागू पडतें. कारण शरीराच्या विविधतेंत कामाच्या विविधतेची भर पडते. मशीनगन वाहणारा, बिनतारी यंत्र वाहणारा आणि औषधांची पेटी वाहणारा हे तिघे उघड्या अंगानें सारखे असले, तरी तयार होऊन उभे राहिल्यावर तीन निराळ्या आकारांचे होतात. सियाचीनच्या बर्फांतील जवान आणि राजस्थानच्या वाळूंतील जवान यांचीही तीच गोष्ट. उपाय एकच: पट्टे, बैठकी आणि कड्या यांना सैल-घट्ट करण्याची सोय ठेवावी आणि टोकांच्या माणसांचा विचार आधीं करावा.

तर मग हें माप घ्यावें कसें? सर्वांत भरंवशाची रीत साधी आहे. एकाच जवानाला दोनदां मोजावें. प्रथम अंगावर अगदीं थोडे कपडे ठेवून हाडांच्या टोकांवरून. नंतर पुऱ्या सामानासह, उभ्यानें, बसून आणि वांकून. दोहोंतील फरक हाच सामानाचा खरा हिशेब. लहान, मध्यम आणि मोठ्या अशा सर्व चणींच्या माणसांवर हा प्रयोग केला, म्हणजे कोणाला किती भर पडते याचें कोष्टक तयार होतें. अमेरिकेच्या सेनेनें २०१० ते २०१२ या काळांत ४,०८२ पुरुष आणि १,९८६ स्त्रिया यांचीं प्रत्येकीं ९३ मापें हातानें घेतलीं आणि प्रकाशाच्या साह्यानें शरीराचा घन आकार टिपणारीं यंत्रेंही वापरलीं. अशा यंत्राचा उपयोग मोठा आहे, पण त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्याला दिसतो तो बाहेरचा पृष्ठभाग. जाकिटाच्या आंत खांद्याचें हाड कोठें आहे आणि हवा किती आहे, हें त्याला कळत नाहीं. म्हणून दोन्ही मापें एकाच माणसाचीं हवींत. आणि त्यांच्या जोडीला लांकडाचा खोटा सांगाडा करून, त्यांत तयार जवानांना प्रत्यक्ष बसवून, घड्याळ लावून बाहेर काढण्याची परीक्षाही हवी. लांकडी दार चार बोटें रुंद करणें सोपें असतें. पोलादी दार तयार झाल्यावर तें रुंद करतां येत नाहीं.

या विषयाशीं नागरिकांचा कांहींच संबंध नाहीं असें मात्र समजूं नये. आषाढांतल्या सकाळीं रेनकोट घातलेला, पाठीवर दप्तर आणि हातांत डबा घेतलेला शाळकरी मुलगा बसच्या दारांत कसा अडकतो, हें कोणत्याही आईस सांगावें लागत नाहीं. भारतीयांच्या तयार कपड्यांसाठीं स्वतःचें मापकोष्टक असावें म्हणून ‘इंडियासाइझ’ नांवाची मोजणी हातीं घेण्यांत आली. २५,००० लोकांचीं मापें घेण्याचें त्यांत योजिलें होतें आणि निवडलेल्या सहा शहरांत मुंबईही होती. असें कोष्टक कपड्यांना उत्तम. परंतु त्याच कोष्टकावरून जर कोणी बसची बैठक, रुग्णवाहिकेचें दार किंवा अग्निशामक दलाच्या शिडीवरील जागा ठरवूं लागला, तर तो पुन्हां त्याच उघड्या माणसाला आंत बसवील, आणि अंगावर श्वासयंत्र बांधलेला अग्निशामक जवान दाराशीं अडेल.

एवढ्यासाठीं प्रत्येक आराखड्यावर मापाच्या आंकड्याशेजारीं दोन ओळी अधिक लिहिल्या जाव्यात: हें माप घेतलें तेव्हां माणसाच्या अंगावर काय होतें, आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळीं काय असणार आहे. या दोन ओळी कोऱ्या राहिल्या असतील, तर आंकडा दशांशापर्यंत अचूक असला तरी त्यावर पोलाद कापूं नये. आणि सामान बदललें कीं माप पुन्हां घ्यावें. दहा वर्षांपूर्वींच्या जवानाला मोजून आजच्या जवानाला बसवूं नये. यासाठीं फार मोठा खर्च लागत नाहीं. कांहीं जवान, त्यांचें पुरें सामान, एक फीत, एक लांकडी सांगाडा आणि शिंप्याचा तो जुना प्रश्न विचारण्याची संवय, एवढें पुरेसें आहे. चार बोटांची ही माया आधीं सोडली, तर ती पुढें कोणाच्या तरी घरीं परत येणाऱ्या मुलाच्या कामीं येईल.